माझ्या पोटावरचं अक्षर

मी धुराची भट्टी बोलतेय. जरा लांबूनच ऐका. अंगाला हात लावलात तर कातडी माझ्याकडेच राहील. गोड बोलायची मला सवय नाही. बारा वर्षं माझ्या पोटात आग आहे, आणि त्याआधी पोटात जे होतं त्यानं एका माणसाचा जीव घेतला. चांगल्या माणसाचा. हॉलिस त्याचं नाव.

लोक म्हणतात, टाकीनं मारलं. कुणी म्हणतं, त्याच्या उतावळेपणानं मारलं. मी सगळं ऐकून घेतलं. मला तोंड आहे, पण ते लाकूड गिळायला. बोलता आलं असतं तर बारा वर्षांपूर्वीच बोलले असते.

जन्मानं मी भट्टी नव्हे. मी गॅसची टाकी. साडेसात फूट लांब, आडवी, पांढऱ्या रंगाची. एका कोंबड्यांच्या फार्मवर मी वीस वर्षं पिल्लांना ऊब दिली. हजारो पिल्लं माझ्या गॅसवर वाढली आणि ट्रकमधून कापायला गेली. मग फार्म बंद पडला, मालक गेला, आणि मी काटेरी झुडपांत गंजत पडले. माझ्या अंगावर साप कात टाकायचे. तिथून हॉलिसनं मला उचललं, ट्रकवर साखळीनं बांधलं आणि ब्रॅझस नदीच्या काठी, टेक्सासच्या या गावात आणलं.

हॉलिस आणि त्याचा धाकटा भाऊ रेफर्ड यांची पत्र्याची शेड होती. फाटकं जोडायची, ट्रेलर दुरुस्त करायचे, जुन्या टाक्या कापून मांसाच्या भट्ट्या बनवायच्या. शेड त्यांच्या बापाची. बाप जाऊन सात वर्षं झाली होती, पण त्याचा नियम चालू होता.

नियम असा. गॅसची टाकी कापायची तर आधी पाण्यानं काठोकाठ भरायची, दिवसभर ठेवायची, खालचं बूच उघडून सोडून द्यायची, आणि पुन्हा एकदा भरून सोडायची. ज्यानं धुतली त्यानं बुचाशेजारी आपल्या नावाचं पहिलं अक्षर छिन्नीच्या ठशानं ठोकायचं. अक्षर दिसल्याशिवाय कापणाऱ्यानं आग पेटवायची नाही. आणि अक्षर दिसलं की प्रश्न विचारायचा नाही. "तोंडाचं खरं नाही, लोखंडाचं खरं," असं म्हातारा म्हणायचा म्हणे.

त्या वर्षी हॉलिसला घाई होती. एकोणीस जून जवळ आला होता. टेक्सासच्या काळ्या लोकांना, आमच्या लोकांना, गुलामगिरी संपल्याची बातमी ज्या दिवशी मिळाली, त्या दिवसाची जत्रा. हॉलिसनं चर्चला शब्द दिला होता की या वर्षी सगळ्या गावाचं मांस नव्या भट्टीवर होईल. ती नवी भट्टी मी.

सोमवारी सकाळी त्यानं माझा वरचा व्हॉल्व्ह काढला आणि रेफर्डला म्हणाला, "मी नदीपलीकडे फाटकाच्या कामाला चाललोय. बुधवारी येतो. तोवर हिला दोनदा धू. आणि नीट धू रे बाबा."

"दोनदा," रेफर्ड म्हणाला. "माहितीये मला. लहान आहे का मी?"

विहिरीचा पंप मंद चालायचा. मला भरायला दोन तास लागले असते, तेवढा वेळ नळी धरून बसायचं कोण? रेफर्ड क्लोव्हिसकाकांच्या ओसरीवर डॉमिनो खेळायला गेला. क्लोव्हिसकाका म्हणजे गावातले जुने भट्टीवाले, वय सत्तर, हात पोळून पोळून चामड्यासारखे झालेले. सोमवार गेला, मंगळवार गेला. आळशाला गंगा दूर म्हणतात, याला तर घरची नळी दूर होती. नळी माझ्यापासून चार पावलांवर गुंडाळून पडलेली, आणि माझ्या पोटात वीस वर्षांचा शिळा गॅस हवेत कालवला जात होता. मला घुसमटायला होत होतं.

बुधवारी सकाळी रेफर्ड आला. त्यानं मला एक लाथ मारली. मी पोकळ वाजले.

"रिकामीच तर आहे," तो स्वतःशी म्हणाला. "एवढी वर्षं झुडपात पडलेली. काय राहिलंय हिच्यात!"

त्यानं खोक्यातून आपला ठसा काढला, आडवा झाला, आणि माझ्या पोटावर, बुचाच्या शेजारी, हातोड्याचा एक घाव घातला. आर. रेफर्डचा आर. लोखंडावर खोटं लिहायला एक घाव पुरतो, बघा.

तासाभरानं हॉलिस आला. आधी माझ्या पोटाखाली सरपटत गेला आणि अक्षरावरून बोट फिरवलं. बोट खरखरीत होतं, पण हलकं. मग बाहेर येऊन त्यानं नाक फेंदारलं.

"वास येतोय रे अजून."

"वास धुतल्यावरही आठवडाभर राहतो. तूच सांगतोस ना?"

"ते खरंय. दोनदा धुतलीस ना पण?"

"अक्षर दिसतंय ना?" रेफर्ड म्हणाला आणि कॉफीचा कप घेऊन बाहेर ट्रककडे गेला.

हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही. बेट्यानं तोंड स्वच्छ ठेवलं.

हॉलिसनं चष्मा लावला. शीळ घालत होता. कापायच्या बत्तीची निळी जीभ माझ्या कडेला टेकली. मी किंचाळत होते: काढ, काढ, हात काढ! पण लोखंड तापलं की कण्हतं, आणि कण्हणं माणसं कामाचा आवाज समजतात.

मग छिद्र पडलं.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. माझ्या आत सूर्य फुटला. माझ्या एका टोकाची गोल टोपी जोडावरून उखडली आणि हॉलिसला छातीवर घेऊन शेडच्या भिंतीतून आरपार गेली. पत्रे उडाले. ट्रकच्या काचा फुटल्या. बत्ती जमिनीवर पडून तशीच जळत होती. टोपी वीस पावलांवर गवतात पडली, आणि हॉलिस तिच्या अलीकडे. शीळ घालणारं तोंड तसंच होतं, बाकी काही बघण्यासारखं उरलं नव्हतं. मी एक टोक उघडं पडलेली, धूर ओकत, त्याच्याकडे तोंड करून पडले होते. मला ते बघावं लागलं. मला पापण्या नाहीत.

रेफर्ड धावत आला. त्याची पहिली नजर भावाकडे गेली. दुसरी माझ्या पोटाखाली.

अंगणापलीकडच्या घरातून वेल्मा आली, हॉलिसची बायको. हाताला पीठ तसंच. ती ओरडली नाही. नवऱ्याजवळ गुडघे टेकून बसली, त्याच्या तोंडावरची माती पिठाच्या हातांनी पुसली, आणि मान वर करून विचारलं, "अक्षर होतं का?"

"नव्हतं," रेफर्ड म्हणाला. आता मात्र तोंड उघडलं. "मी त्याला सांगितलं, वेल्मा. अजून धुतली नाही, थांब म्हणालो. ऐकलंच नाही. तुला माहितीये ना तो कसा उतावळा."

वेल्माला माहीत होतं. हॉलिस उतावळा होताच. गाडी चालू असतानाच दार उघडायचा, गरम घास तोंडात घालून जीभ पोळायचा. चांगल्या माणसाचा एक छोटा दोष असतो, आणि खोटं नेमकं तिथेच जाऊन चिकटतं.

तिनं शेडमधला घण उचलला. त्या घणाचे तीन घाव माझ्या कुशीवर आहेत, आजही बोटांनी चाचपता येतील. पहिल्या घावाला ती म्हणाली, "मेल्या!" दुसऱ्याला म्हणाली, "दोन दिवस थांबता आलं नाही तुला!" तिसऱ्याला नुसतीच आतून ओरडली. घाव माझ्यावर आणि शिव्या हॉलिसला. दोन्हीही चुकीच्या जागी पडत होते.

दफन झाल्यावर रेफर्ड म्हणाला, "मी हिला भंगारात देऊन टाकतो. डोळ्यांसमोर नको."

क्लोव्हिसकाका कुंपणाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "भंगारात दिली तर वितळून उद्या दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहील. पोरी, एवढा राग आहे ना हिच्यावर? मग जाळ हिला. रोज जाळ. हॉलिसनं चर्चला शब्द दिलाय, तो कोण पाळणार?"

वेल्मानं माझ्याकडे पाहिलं. "जाळते," ती म्हणाली.

झालं! आता मी भंगारात जाणार नव्हते, म्हणजे पोट कुणाला तरी दिसणार होतं. तेव्हा रेफर्ड पुढे झाला. "भट्टी मी बनवून देतो. भावासाठी तेवढं तरी करू दे." लोकांचे डोळे भरून आले. करून सवरून नामानिराळा!

माझं जे टोक फुटलं होतं तिथे त्यानं आगपेटी जोडली, म्हणजे लाकूड जाळायचा जाड लोखंडी डबा. वर झाकण कापलं, दुसऱ्या टोकाला धुराडं बसवलं. चार पाय लावले. आगपेटीकडच्या एका पायाला मात्र त्यानं ताटाएवढी पट्टी लावली आणि चारी बाजूंनी झाळून टाकली.

"एवढी मोठी पट्टी कशाला रे?" क्लोव्हिसकाकांनी विचारलं.

"इकडे वजन जास्त येतं, काका."

पट्टीखाली आर होता. गाडला गेला.

आता भट्टी बनली म्हणजे लगेच मांस ठेवता येतं असं समजू नका. नवी भट्टी आधी मुरवावी लागते. तुमच्याकडे बिडाचा तवा मुरवतात ना, तसंच. फक्त माझ्या बाबतीत ते काम एका पेटलेल्या बाईनं केलं.

पहिल्या दिवशी तेल नाही, मांस नाही, नुसता जाळ. ओकच्या लाकडाच्या फोडी तिनं माझ्या घशात कोंबल्या. कोंबतच गेली. आगपेटी लाल झाली, माझा जुना पांढरा रंग फोड येऊन सोलून निघाला, उरलेला गॅसचा वास किंचाळत धुराड्यातून गेला. "बस कर पोरी, वाकेल ती," काका म्हणाले. "वाकू दे," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशनं तिनं मला आतून रक्त निघेपर्यंत घासलं. रक्त तिच्या बोटांचं.

"आता चरबी," काका म्हणाले. "कोमट असताना लाव, फडक्यानं, पातळ. कोपरा सोडू नकोस. मग मंद जाळ, सहा तास. असं तीनदा. आणि ऐक, साबण हिच्या पोटाला आयुष्यात लावायचा नाही. हातानं लेप चढवायचा, हातानं जपायचा."

तिसऱ्या लेपानंतर माझं पोट काळं, चकचकीत झालं. हात फिरवला तर बोटाला काळं लागत नव्हतं. वेल्मा झाकण उघडून बघत राहिली. मला वाटलं आता तरी एक शब्द बरा बोलेल. तिनं झाकण धाडकन आपटलं.

त्या एकोणीस जूनला सगळं गाव माझ्यावरचं जेवलं. बैलाच्या छातीचे मोठे तुकडे, डुकराच्या बरगड्या, सॉसेज, वर या दिवशी हमखास असतो तो लाल सोडा. लोक बोटं चाटत होते आणि डोळे पुसत होते. पुढच्या शनिवारी पुन्हा आले. मग दर शनिवारी. वेल्मानं झाडाखाली दोन टेबलं टाकली, आणि तिचं पोट माझ्या पोटावर चालू लागलं.

बारा वर्षं तिनं मला निगुतीनं सांभाळलं. प्रेमानं नव्हे हो, निगुतीनं. शिजवून झालं की जाळ्या गरम असतानाच खरवडायच्या, पोटात साचलेली चरबी बुचातून डब्यात सोडायची, पोपडे निघाले तर तेवढेच काढायचे, बाहेरून आगपेटीला चरबीचा हात द्यायचा. आणि लाकूड घालताना ती बोलायची. माझ्याशी नाही, हॉलिसशी.

"उतावळ्या. दोन दिवस. दोन दिवसांसाठी मला विकलंस."

रस्त्यापलीकडे चर्च आहे, त्याच्या मागे हॉलिसची कबर. माझ्या जागेवरून दगड दिसतो. दफनानंतर ती तिथे एकदाही गेली नाही. दर रविवारी बायका आपापल्या माणसांना फुलं घालायच्या आणि ही चर्चमधून निघून सरळ घरी यायची, त्या दगडाकडे पाठ करून. ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अगं बाई, त्यानं बोट फिरवलं होतं अक्षरावर! थांबला होता तो, विचारलं होतं त्यानं! पण माझ्याकडून निघायचा तो धूर, आणि धुराला लोक म्हणायचे, वा, काय वास सुटलाय.

रेफर्ड लाकूड फोडायचा आणि राख काढायचा. ही दोन कामं त्यानं स्वतः मागून घेतली होती. सुरुवातीची दोन-तीन वर्षं रोज सकाळी राख काढायचा, जाताना पट्टीकडे एक नजर टाकायचा. चोराच्या मनात चांदणं. मग नजर टाकणं सुटलं, आणि मग राख काढणंही. "शनिवारी काढतो" म्हणायचा. शनिवारचा सोमवार व्हायचा. पाऊस आला की आगपेटीतली राख भिजायची, आणि ओली राख म्हणजे लोखंडाला विषच. ते खारं पाणी फटीतून झिरपून नेमकं त्या पायावरून खाली उतरायचं. थेंब थेंब. वेल्मा एकदा म्हणाली, "रेफर्ड, राख राहिलीय बघ." तो म्हणाला, "काढली ना मी! ती आजची आहे."

पाय सडतोय ते मला कळत होतं. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

या वर्षी मार्चमध्ये, लाकूड रचता रचता रेफर्ड थांबला. "वेल्मा, किती दिवस एकटी राहणार? मीही एकटाच आहे. हॉलिसलाही वाटलं असतं की..."

"त्याला काय वाटलं असतं ते मला सांगू नकोस," ती म्हणाली. पण आवाज तुटक नव्हता. बारा वर्षं हा माणूस रोज दारात उभा होता. छप्पर गळालं तर चढला, गाडी बिघडली तर खाली शिरला. बाईला वाटलं, मेलेला उतावळा होता, हा निदान थांबणारा तरी आहे.

"एकोणीस जूनला सांगते," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. भट्टीला झोप असते, हसू नका. हॉलिसच्या खुन्याच्या हातात ती हात देणार, गाव टाळ्या वाजवणार, आणि पक्वान्न माझ्याच पोटातून जाणार! मी लाकूड नीट जाळेना. काळा कडू धूर सोडू लागले. वेल्मा म्हणाली, "हिला काय झालंय हल्ली?"

अठरा जूनची सकाळ. उद्याच्या जत्रेसाठी बारा मोठे तुकडे माझ्या जाळीवर चढवलेले, आगपेटी भरलेली, पोटात चरबी पाझरायला लागलेली. वेल्मा टेबलाशी कांदे चिरत होती. क्लोव्हिसकाका, आता ब्याऐंशी वर्षांचे, खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. रेफर्डनं फोडींचा भारा आणून माझ्या आगपेटीवर आदळला.

पाय मोडला.

मी आगपेटीकडे कलंडले. पोटातली सगळी तापलेली चरबी उतारावरून वाहत गेली, सरळ आगीत. आणि मग मी पेटले. झाकणाच्या कडांतून ज्वाळा बाहेर आल्या, धुराड्यातून माणसाच्या दुप्पट उंचीचा जाळ उठला. घुमत होते मी. बारा वर्षांचा राग होता तो, चरबी नुसतं निमित्त.

"झाकण उघडू नका! हवा बंद करा!" काका ओरडले.

रेफर्डनं ऐकलं नाही. त्यानं नळी ओढली, झाकण वर फेकलं आणि पाणी मारलं. जळत्या चरबीवर पाणी! बारा वर्षांपूर्वी जे पाणी माझ्या पोटात घालायचं होतं, ते त्यानं आज घातलं.

पाण्याची वाफ झाली, वाफेनं चरबी उडवली, आणि आगीचा एक गोळा त्याच्या अंगावर गेला. भुवया, केस, दोन्ही हात कोपरापर्यंत. तो किंचाळत मागे पडला. वेल्मा धावली. चामड्याचे हातमोजे घालून तिनं जाळात हात घातला, झाकण ओढून आपटलं, आगपेटीची हवेची झडप लाथेनं बंद केली, फावड्यानं धुराड्यावर पत्रा ढकलला. मी गुदमरले. तडफडले. आणि शेवटी विझले.

रेफर्डचे हात तिनं पंपाच्या गार पाण्याखाली धरले. फोड टरारून आले होते. "हात जरा गार झाले की डॉक्टरकडे नेते," ती म्हणाली. "काका, तोवर हिला उचलून ठेवता येईल का? उद्याचं जेवण आहे." दोन शेजारी आले, त्यांनी ट्रकचा जॅक माझ्या कुशीखाली लावून मला सरळ केलं. मोडलेला पाय पट्टीसकट सुटून जमिनीवर पडला होता. पट्टीच्या कडा गंजून बिस्किटासारख्या झालेल्या.

काका वाकले. "इथे नवा पाय जोडावा लागेल. आधी गंज साफ कर पोरी. ब्रश दे."

"राहू दे!" रेफर्ड ओरडला. पाण्याखालून हात ओढून उठला. "राहू दे, मी करतो ते! वेल्मा, तू नको!"

"या हातांनी?" वेल्मा म्हणाली. "वेडा आहेस का? बस खाली."

ती माझ्या पोटाखाली आडवी झाली. तिथे पूर्वी दोघंच आडवे झाले होते. ब्रश फिरला. गंज गळला. बुचाशेजारी लोखंड उघडं पडलं. ती थांबली. लोखंड अजून पोळत होतं, तरी तिनं हातमोजा काढला आणि बोट फिरवलं. अगदी हॉलिससारखं, खरखरीत आणि हलकं.

बराच वेळ ती बाहेर आली नाही. रेफर्डच्या हातांतून पाणी ठिबकत होतं.

ती बाहेर आली आणि तिनं राखेचं फावडं उचललं.

"काय लिहिलंय ते वाच."

"वेल्मा, ऐकून घे—"

"वाच म्हणते ना!"

"आर," तो म्हणाला.

"कुणी ठोकलं?"

तिनं फावडं फिरवलं. दांडा त्याच्या खांद्यावर बसला, तो गुडघ्यावर आला. दुसरा घाव पाठीत. "कुणी ठोकलं?" तिसरा. शेजारी धावले, पण काकांनी काठी आडवी धरली. "थांबा. उत्तर येऊ दे."

"मी!" तो रडत म्हणाला. "मी ठोकलं. धुतली नव्हती. मला वाटलं रिकामी आहे. मला वाटलं काही होत नाही."

"आणि त्यानं विचारलं?"

"विचारलं. वास येतोय म्हणाला. दोनदा धुतलीस का म्हणाला."

"आणि तू?"

"अक्षर दिसतंय ना, म्हणालो."

क्लोव्हिसकाका खुर्चीतून उठले. ब्याऐंशी वर्षांचा हात, पण मुस्काटात बसला तो आवाज रस्त्यापलीकडे गेला. "दोन दिवस माझ्या ओसरीवर बसला होतास! मी तुला लिंबाचं सरबत पाजत होतो!" आणि म्हातारा स्वतःच रडायला लागला.

वेल्मानं फावडं पुन्हा उचललं होतं, या वेळी धारेच्या बाजूनं. रेफर्डनं मान खाली घातली. "मार," तो म्हणाला. "मारून टाक मला."

खरं सांगते, मला हवं होतं ते.

"बारा वर्षं," वेल्मा म्हणाली. "बारा वर्षं मी माझ्या माणसाला शिव्या घातल्या. तू शेजारी उभा राहून लाकडं रचत होतास. ऐकत होतास. एकदाही तुझी जीभ झडली नाही रे?" मग तिनं फावडं जमिनीत रोवलं. "उद्या सगळ्यांसमोर तुला उत्तर देणार होते ना? उद्या उत्तर तू देशील. पळालास तर कुठेही असलास तरी शोधून काढीन."

"शेरीफला बोलवू का?" एका शेजाऱ्यानं विचारलं.

"बारा वर्षांनी शेरीफ येऊन काय धुणार?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जत्रा झाली. लोक आले, पण प्रार्थनेनंतर कुणी ताटाला हात लावला नाही. वेल्मानं लावू दिला नाही. पट्ट्या बांधलेल्या हातांनी रेफर्ड टेबलावर चढला आणि सगळं सांगितलं. अक्षर, नळी, डॉमिनो, पट्टी, सगळं. आवाज बसला की काका म्हणायचे, "मोठ्यानं." एकानं त्याच्यावर सोड्याची बाटली फेकली. कपाळ फुटलं. तो तसाच बोलत राहिला. संपलं तेव्हा माणसांनी वाट करून दिली, आणि तो त्या वाटेनं गेला. त्याला हात कुणी लावला नाही आणि निरोपही कुणी दिला नाही. परत आलेला नाही.

मग वेल्मा माझ्याकडे आली. कालच्या जाळातून बारापैकी सात तुकडे वाचले होते. तिनं एका तुकड्याचा मऊ, चरबीचा भाग कापला, हॉलिसला आवडायचा तो, आणि ताटलीत घेतला. जाण्यापूर्वी तिनं चरबीच्या डब्यात बोटं बुडवली आणि माझ्या कुशीवरच्या तीन खड्ड्यांवर हात फिरवला. सावकाश, एकेक करून.

ती रस्ता ओलांडून चर्चच्या मागे गेली. मला दगड दिसतो म्हणून सांगितलं ना? ती दगडासमोर बसली. खूप वेळ बसली. मांस थंड झालं असणार. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि ते मला ऐकायचंही नव्हतं. ती आली तेव्हा ताटली रिकामी होती आणि डोळे सुजलेले. लोकांना म्हणाली, "जेवा आता. माझा नवरा वाढतोय."

जत्रेनंतर नवा पाय जोडायला दुसऱ्या गावचा माणूस आला. तो पट्टी नेमकी अक्षरावर लावायला निघाला. वेल्मा म्हणाली, "चार बोटं सरकवून लाव. ते झाकायचं नाही." आता ती दर महिन्याला पोटाखाली शिरते, तिथला गंज पुसते, चरबीचा पातळ हात देते. राख रोज सकाळी स्वतः काढते. लाकूड घालताना अजूनही हॉलिसशी बोलते, पण आता शिव्या नाहीत. कांदे महाग झाले, काकांचा गुडघा दुखतोय, असलं काहीबाही.

माझं म्हणणं एवढंच. माझ्यासारखी एखादी जुनी टाकी तुमच्या दारात आली, तर अक्षर बघून आग लावू नका, मग ते सख्ख्या भावाचं का असेना. बूच स्वतः उघडा, स्वतः दोनदा पाणी भरा, दोन-दोन तास नळी धरून उभे राहा. तेवढं हॉलिसला मिळालं असतं, तर आज तो इथे शीळ घालत उभा असता. आणि मीही कुणाला न मारता भट्टी झाले असते.